कंपनीतील वरिष्ठांचे शेअर-व्यवहार: कोणती नोंद वाचावी आणि कोणती सोडून द्यावी?

मूल्यवेध (प्रश्न):

नमस्कार. संचालक, वरिष्ठ अधिकारी आणि प्रवर्तक (कंपनी स्थापन करणारे किंवा तिच्यावर नियंत्रण असणारे) आपल्याच कंपनीचे शेअर केव्हा घेतात आणि केव्हा विकतात, हे बहुतेक मोठ्या शेअर बाजारांत कायद्यानेच जाहीर करावे लागते. गेल्या काही काळापासून मी या जाहीर नोंदी नियमितपणे वाचू लागलो आहे. त्यामागचा माझा विचार साधा होता. तिमाही निकालांसोबत येणारे व्यवस्थापनाचे निवेदन बहुधा आशावादीच असते. परंतु स्वतःच्या खिशातून पैसे घालताना किंवा काढून घेताना तोच माणूस अधिक प्रामाणिक असण्याची शक्यता आहे, आणि कंपनीची स्थिती त्याच्याइतकी जवळून पाहणारे दुसरे कोणी नसते.

प्रत्यक्ष नोंदी वाचताना मात्र या विचाराचा फारसा उपयोग होताना दिसत नाही. अमेरिकी कंपन्यांत विक्रीच्या नोंदी खरेदीच्या तुलनेत इतक्या अधिक असतात की, त्या गांभीर्याने घेतल्या तर एकही शेअर हातात ठेवता येणार नाही. काही नोंदींत शेअर मिळाल्याचे दिसते पण किंमत शून्य असते, आणि त्याच दिवशी त्यातील काही शेअर कमी झाल्याचीही दुसरी ओळ असते. काही अधिकारी तर दरवर्षी ठरावीक महिन्यातच विकताना दिसतात. भारतीय कंपन्यांत प्रवर्तकांच्या नावापुढे बाजारातील खरेदी, आपसांतील हस्तांतरण, तारण आणि वॉरंट (ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क) असे सगळे एकाच यादीत येते. काही संकेतस्थळे या साऱ्याची बेरीज-वजाबाकी करून ‘निव्वळ खरेदी’ असा एक आकडा देतात, पण त्या आकड्यात नेमके काय मिसळले आहे, हे कळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कोणत्या नोंदीला वजन द्यावे? विक्रीच्या नोंदीतून काही अर्थ निघतो का? आणि नोंद जाहीर होईपर्यंत व्यवहार होऊन काही दिवस गेलेले असतात, तर मग आपल्यासारख्या बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या हाती काय उरते? मी केवळ जाहीर माहितीविषयी विचारत आहे. ओळखीतून कानावर येणाऱ्या बातम्यांचा येथे संबंध नाही.

ताळेबंद:

आपला शेवटचा खुलासा योग्य आहे. अप्रकाशित माहिती ज्याच्या हाती येते तो भारतीय नियमांनुसार स्वतःच ‘इनसायडर’, म्हणजे आतला माणूस, ठरतो, मग तो कंपनीत नोकरीला असो वा नसो. जाहीर झालेली नोंद वाचून निर्णय घेण्यात मात्र काहीही गैर नाही. त्या नोंदी त्यासाठीच जाहीर केल्या जातात.

आता मूळ मुद्दा. आपला गोंधळ होतो, कारण आपण प्रत्येक नोंदीमागे एक निर्णय आहे असे गृहीत धरता. वस्तुतः यातील बहुसंख्य नोंदींच्या मागे त्या दिवशी घेतलेला कोणताही निर्णय नसतो. त्यामुळे नोंदी वाचण्याचे काम म्हणजे प्रामुख्याने वगळण्याचे काम आहे.

अमेरिकेतील व्यवस्था आधी पाहू, कारण तेथील नोंदी सर्वांत तपशीलवार आहेत. १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्याच्या कलम १६ नुसार संचालक, अधिकारी आणि १० टक्क्यांहून अधिक शेअर असणारे भागधारक यांना आपले व्यवहार ‘फॉर्म ४’ मध्ये कळवावे लागतात. २००२ पूर्वी त्यासाठी पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत मुदत होती; सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानंतर ती दोन कामकाजी दिवसांवर आली. प्रत्येक ओळीपुढे व्यवहाराचा प्रकार सांगणारे एक अक्षर असते, आणि आपल्याला दिसलेल्या शून्य किमतीच्या नोंदींचे उत्तर त्या अक्षरातच आहे. ‘ए’ म्हणजे कंपनीने मोबदल्याचा भाग म्हणून दिलेले शेअर, ‘एम’ म्हणजे ऑप्शन (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचा हक्क) किंवा तत्सम हक्काचे शेअरमध्ये झालेले रूपांतर, ‘एफ’ म्हणजे कर किंवा ऑप्शनची किंमत भागवण्यासाठी कंपनीने राखून घेतलेले शेअर, आणि ‘जी’ म्हणजे भेट. एखाद्या अधिकाऱ्याला १०,००० शेअर मिळाले आणि त्यातले ४,००० करापोटी कंपनीने ठेवून घेतले, तर यादीत ‘४,००० शेअर कमी झाले’ असे दिसेल. पण त्या माणसाने त्या दिवशी काहीही ठरवलेले नसते. अनेक कंपन्यांत वेतनाचा मोठा भाग शेअरच्या रूपाने मिळतो, त्यामुळे अधिकाऱ्याने काही न करताच त्याच्याकडे शेअर साचत जातात आणि घर, शिक्षण, कर किंवा केवळ जोखीम विभागणे यासाठी तो ते विकत राहतो. विक्रीच्या नोंदी इतक्या अधिक दिसण्याचे कारण एवढेच आहे.

उरतात ‘पी’ आणि ‘एस’, म्हणजे पैसे मोजून केलेली खरेदी आणि पैसे घेऊन केलेली विक्री. येथेही थोडे थांबावे लागते, कारण ‘पी’ या अक्षरात खुल्या बाजारातील खरेदीबरोबर खासगी खरेदीही येते. कंपनीने नवे शेअर विक्रीला काढले आणि संचालकाने त्यात भाग घेतला, तर तीही ‘पी’ म्हणूनच नोंदली जाऊ शकते. अशा वेळी संचालकाने कंपनीला निधी उभारण्यास हातभार लावलेला असतो. बाजारात भाव स्वस्त वाटला म्हणून त्याने स्वतः पुढाकार घेतला, असे म्हणता येत नाही. हा फरक फॉर्मच्या तळटिपांत लिहिलेला असतो, आणि तळटिपा न वाचता फॉर्म ४ वाचणे हे माझ्या मते न वाचण्यासारखेच आहे. एखाद्या नव्या संचालकाची पहिली लहानशी खरेदीही मी मोजत नाही. संचालकांनी किमान इतके शेअर बाळगावेत असे कित्येक कंपन्यांचे अंतर्गत धोरण असते आणि ती खरेदी त्या अटीच्या पूर्ततेसाठी असू शकते.

यानंतर प्रमाण पाहावे. रक्कम किती मोठी आहे, यापेक्षा त्या व्यक्तीच्या आधीच्या धारणेच्या, म्हणजे तिच्याकडील शेअरच्या, आणि वार्षिक वेतनाच्या तुलनेत ती किती आहे, हे अधिक बोलके असते. ज्याच्याकडे लाखो शेअर आहेत त्याने आणखी काही हजार घेणे हे बहुधा प्रदर्शनासाठी असते. वित्त विभागाच्या प्रमुखाने आपली धारणा एका झटक्यात दुप्पट केली, तर ती नोंद मी बाजूला काढून ठेवतो.

विक्रीच्या बाबतीत आणखी एक चाळणी आहे. २००० साली अमेरिकेत ‘१०बी५-१’ हा नियम आला. त्यानुसार अधिकाऱ्याकडे कोणतीही गोपनीय माहिती नसताना तो पुढील विक्रीची योजना आधीच आखून देतो आणि नंतर दलाल त्या योजनेनुसार शेअर विकत राहतो. या सवलतीचा गैरवापर होतो अशी टीका झाल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये नियम कडक करण्यात आले. आता संचालक आणि अधिकारी यांना योजना आखल्यानंतर पहिल्या व्यवहारापूर्वी किमान ९० दिवस, आणि निकालांच्या तारखेनुसार कमाल १२० दिवस, थांबावे लागते. तसेच एप्रिल २०२३ पासून फॉर्म ४ वर अशा योजनेखालील व्यवहारासाठी स्वतंत्र चौकट आहे. अशा विक्रीत निर्णयाचा दिवस योजना आखण्याचा असतो, विक्रीचा नव्हे.

जेपी मॉर्गन चेस या बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांच्या दोन नोंदी यासाठी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, बँकांचे शेअर जोरात घसरत असताना, त्यांनी स्वतःच्या पैशाने सुमारे २.६ कोटी डॉलरचे ५ लाख शेअर घेतले. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये बँकेने जाहीर केले की ते आणि त्यांचे कुटुंबीय २०२४ पासून १० लाख शेअर विकणार आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी सुमारे १५ कोटी डॉलरचे शेअर विकले. पहिल्या नोंदीत त्या क्षणीचा निर्णय होता. दुसरी नोंद पूर्वघोषित होती, आणि तिच्यानंतरच्या वर्षभरात शेअर वाढतच गेला.

नियमवाचक:

वरील विवेचनाला भारतीय बाजूची जोड देतो, कारण येथील नियमांची रचना वेगळी आहे आणि अमेरिकी पद्धतीचे निकष जसेच्या तसे लावल्यास दिशाभूल होते.

भारतीय शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबी हिचे सध्याचे इनसायडर ट्रेडिंग प्रतिबंधक विनियम १५ मे २०१५ पासून लागू आहेत. प्रवर्तक, प्रवर्तक गटातील व्यक्ती, संचालक आणि कंपनीने निश्चित केलेले ‘पदनिर्देशित’ कर्मचारी यांचे एका कॅलेंडर तिमाहीतील व्यवहार एकत्रितपणे १० लाख रुपयांच्या पुढे गेले की दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवावे लागते, आणि कंपनीने त्यानंतरच्या दोन ट्रेडिंग दिवसांत शेअर बाजाराला कळवायचे असते. याखेरीज डिपॉझिटरी (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था) आणि शेअर बाजार यांच्यातील संगणकीय व्यवस्थेतूनही अशा व्यवहारांच्या नोंदी थेट जाहीर होतात, आणि ही व्यवस्था लागू केलेल्या कंपन्यांत २०२१ पासून वेगळे कळवणे सक्तीचे राहिलेले नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ‘ट्रेडिंग विंडो’, म्हणजे व्यवहाराला परवानगी असलेला काळ. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत पदनिर्देशित व्यक्तींना व्यवहार करता येत नाहीत. याचा परिणाम असा होतो की, ज्यांना खरेदी करायची आहे ते सगळे निकालांनंतरच्या त्याच काही आठवड्यांत खरेदी करतात. ‘एकाच आठवड्यात तीन संचालकांनी खरेदी केली’ असे वाचले की त्यांच्यात एकमत झाले असावे असे वाटते आणि अनेक लेखांत त्याला फार महत्त्व दिले जाते. परंतु दरवाजा त्याच आठवड्यात उघडलेला असेल तर तिघे एकत्र आत येणारच. म्हणून तिघांची खरेदी दिसली की मी आधीच्या तीन-चार विंडो तपासतो. त्या वेळी यांपैकी कोणीही आले नव्हते आणि या वेळी, निकाल निराशाजनक येऊन भाव पडलेला असताना, तिघेही आले, तरच त्या एकत्र येण्याला अर्थ आहे.

सहा महिन्यांचा नियम वाचकाच्या उपयोगाचा आहे. कंपनीच्या आचारसंहितेनुसार पदनिर्देशित व्यक्तीला एका दिशेने व्यवहार केल्यावर सहा महिने उलट दिशेचा व्यवहार करता येत नाही. अमेरिकेत असा व्यवहार करण्यास मज्जाव नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या खरेदी-विक्रीतून झालेला नफा कंपनीला परत करावा लागतो. दोन्हींकडे परिणाम जवळपास तोच: आतल्या माणसाची खरेदी ही आठवड्याभराच्या तेजीवर लावलेली पैज असण्याची शक्यता फार कमी असते.

आता प्रवर्तकांविषयी. नोंदणीकृत कंपनीत साधारणपणे किमान २५ टक्के हिस्सा जनतेकडे असावा लागतो, त्यामुळे ज्या प्रवर्तकांचा हिस्सा ७५ टक्क्यांच्या जवळ आहे त्यांना कितीही विश्वास असला तरी खरेदी करता येत नाही. २५ टक्के किंवा त्याहून अधिक हिस्सा असलेल्यांनी एका आर्थिक वर्षात ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढ केली की खुला देकार (इतर भागधारकांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव) द्यावा लागतो, म्हणून कित्येक खरेद्या त्या मर्यादेच्या थोड्या अलीकडे येऊन थांबतात. खरेदी झाली नाही किंवा ती थांबली, एवढ्यावरून उत्साह ओसरला असा निष्कर्ष काढू नये; आधी हिस्सा किती टक्के आहे ते पाहावे. याच्या उलट, जनतेचा किमान हिस्सा पूर्ण करण्यासाठी प्रवर्तकांना विक्री करावी लागते, तेव्हा त्या विक्रीतही मत शोधू नये.

प्रवर्तक गटातल्या गटात होणारी हस्तांतरणे, म्हणजे एका भावाकडून कौटुंबिक न्यासाकडे वगैरे, पूर्णपणे वगळावीत. ‘निव्वळ खरेदी’ मोजणाऱ्या यादीत यातील एकच बाजू धरली गेली असेल, तर आकडा निरर्थक ठरतो.

वॉरंटचा विषय मात्र मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. प्रवर्तकांना वॉरंट दिल्याची बातमी ‘प्रवर्तक पैसे घालत आहेत’ अशा थाटात येते. प्रत्यक्षात सुरुवातीला किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरावी लागते, उरलेली रक्कम भरून शेअर घेण्यासाठी १८ महिन्यांची मुदत असते, आणि ती न भरल्यास आधीची रक्कम जप्त होते. म्हणजे भाव वाढला तर प्रवर्तक जुन्या किमतीला शेअर घेणार आणि भाव पडला तर सोडून देणार, अशी ही निवडीची सोय आहे. तेव्हा वॉरंट दिल्याच्या दिवसाला फारसे वजन देऊ नये. बाजारभाव वॉरंटच्या किमतीच्या जवळपास किंवा तिच्याही खाली असताना प्रवर्तकाने उरलेले ७५ टक्के भरले, तर त्या दिवशी त्याने खरोखर काहीतरी ठरवले आहे असे समजावे.

शेवटी तारण. प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवले, सोडवले किंवा कर्ज देणाऱ्याने ते ताब्यात घेतले, तर २०११ च्या अधिग्रहण विनियमांनुसार त्याचीही माहिती द्यावी लागते. एका बाजूला बाजारात थोडी थोडी खरेदी आणि दुसऱ्या बाजूला तारणात वाढ अशी जोडी दिसली, तर त्या खरेदीकडे विश्वासाचे लक्षण म्हणून पाहण्याऐवजी भाव सावरून धरण्याची गरज म्हणून पाहणे अधिक सुरक्षित आहे. तारणाचा पूर्ण तपशील खरेदीच्या यादीहून वेगळ्या ठिकाणी जाहीर होत असल्यामुळे ही जोडी सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

उलटतपासणी:

वरील दोन्ही उत्तरांतील चाळण्या मला मान्य आहेत, पण चाळून उरलेल्या नोंदींवर किती भिस्त ठेवावी याविषयी माझे मत बरेच सावध आहे. जेमी डायमन यांचे उदाहरण लोकांच्या लक्षात राहिले, कारण ते बरोबर ठरले. ऊर्जाक्षेत्रातील चेसापीक एनर्जी या कंपनीचे प्रमुख ऑब्री मॅक्लेंडन हेही आपल्या कंपनीचे शेअर सातत्याने घेत असत आणि त्यासाठी कर्जही काढीत असत. २००८ च्या उन्हाळ्यानंतर नैसर्गिक वायूचे आणि शेअर बाजाराचे भाव कोसळले, कर्जदात्यांनी वाढीव हमी मागितली, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांना आपले जवळजवळ सर्व शेअर, म्हणजे ३ कोटींहून अधिक, विकावे लागले. या प्रकरणात खरेदी करणारा माणूस आपल्या कंपनीची विहीर न् विहीर ओळखून होता. वायूचा भाव काय होणार, हे मात्र त्याला इतरांइतकेच ठाऊक नव्हते. आणि शेवटची ती प्रचंड विक्रीसुद्धा कंपनीविषयी काहीच सांगत नव्हती, कारण ती कर्जदात्यांनी करायला लावलेली होती. आतल्या माणसाला आपली कंपनी कळते. कच्च्या मालाचा भाव, व्याजदर किंवा सरकारचे पुढचे धोरण त्याला कळतेच असे नाही. ज्या धंद्याचे भवितव्य मुख्यतः अशा बाहेरच्या गोष्टींवर ठरते, तेथे या नोंदींचे मोल मी फार कमी धरतो.

दुसरी अडचण अशी की, या नोंदी वाचल्या जातात हे आतल्या माणसांनाही माहीत असते. पुढे दिवाळखोरीत निघालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांनी सप्टेंबर २००१ मध्ये कर्मचाऱ्यांना आपण अलीकडेच कंपनीचे शेअर घेतल्याचे सांगितले. अमेरिकी नियंत्रकाच्या नंतरच्या तक्रारीनुसार, त्याच वर्षात त्यांनी कंपनीकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ७ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे शेअर कंपनीलाच परत विकले होते. कंपनीशी थेट केलेले असे व्यवहार त्या वेळी वर्षअखेरीनंतर कळवले तरी चालत असे, त्यामुळे खरेदी तेवढी दिसली आणि विक्री दिसली नाही. २००२ मध्ये दोन दिवसांची मुदत आली आणि ही पळवाट बंद झाली. तरीही केवळ दाखवण्यासाठी केलेली खरेदी हा प्रकार संपलेला नाही. भाव पडल्यावर लगेच, मोठ्या गाजावाजासह आणि धारणेच्या मानाने किरकोळ रकमेची खरेदी झाली, तर मी ती जनसंपर्काच्या खात्यावर टाकतो.

आता संशोधनाकडे येतो, कारण अशी एकेक उदाहरणे दोन्ही बाजूंनी हवी तितकी देता येतील. जेंग, मेट्रिक आणि झेकहाउझर यांच्या २००३ मधील अभ्यासात १९७५ ते १९९६ या काळातील अमेरिकी नोंदी तपासल्या आहेत. आतल्या व्यक्तींच्या खरेदीवर बाजाराच्या अपेक्षित परताव्यापेक्षा वर्षाला ६ टक्क्यांहून थोडा अधिक परतावा मिळाला आणि विक्रीत मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही. लाकोनिशोक आणि ली यांच्या २००१ मधील अभ्यासातही खरेदी बोलकी आणि विक्री मुकी असाच निष्कर्ष आहे. शिवाय त्या खरेदीचा उपयोग प्रामुख्याने लहान कंपन्यांत दिसला. येथेच खरी मेख आहे. लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये उलाढाल कमी असते, खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर मोठे असते, आणि कागदावरचा जादा परतावा पदरात पडेपर्यंत त्यातला बराचसा त्या अंतरातच जिरतो. शिवाय हे सरासरीचे आकडे शेकडो नोंदींवर आधारलेले आहेत. पाच-सहा शेअर बाळगणाऱ्या माणसाला सरासरी मिळत नाही, त्याला त्याच्या पाच-सहा नोंदींचे नशीब मिळते.

मूल्यवेध:

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. ट्रेडिंग विंडोमुळे खरेद्या एकत्र दिसतात ही गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती, आणि वॉरंटविषयीचे विवेचनही फार उपयुक्त आहे. दोन गोष्टी अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. दरवर्षी ठरावीक महिन्यात विकणाऱ्यांविषयी मी विचारले होते. अशांच्या नोंदी सरसकट वगळाव्यात का? आणि विक्री मुकी असते असे संशोधन सांगत असेल, तर विक्रीची यादी पाहणेच सोडून द्यावे का? उशिराविषयीचा प्रश्नही उरलाच आहे.

ताळेबंद:

विक्रीची यादी सोडून देऊ नये, पण ती कंपनीनुसार न वाचता व्यक्तीनुसार वाचावी. कोहेन, मॅलॉय आणि पोमोर्स्की यांच्या २०१२ मधील अभ्यासाचा विषय नेमका आपला प्रश्न आहे. ज्या व्यक्तीने सलग तीन वर्षे एकाच महिन्यात व्यवहार केला तिला त्यांनी ‘ठरावीक’ व्यवहार करणारी मानले आणि उरलेल्यांना ‘संधी पाहून’ व्यवहार करणारे मानले. ठरावीक व्यवहारांतून पुढील परताव्याविषयी जवळजवळ काहीच कळले नाही. संधी पाहून केलेल्या व्यवहारांच्या मागे गेल्यास महिन्याला सरासरी ०.८२ टक्के जादा परतावा दिसला, आणि त्यात विक्रीच्या नोंदीही धरलेल्या होत्या. म्हणजे सगळी विक्री एकत्र केली की ती मुकी वाटते, कारण सवयीने विकणाऱ्यांच्या गर्दीत वेगळ्या कारणाने विकणारे हरवून जातात. तेव्हा दर मार्च महिन्यात विकणाऱ्याची मार्चमधील विक्री वगळावी. त्याच माणसाने एखाद्या वर्षी योजनेबाहेर, नोव्हेंबरमध्ये, नेहमीच्या कितीतरी पट विक्री केली तर अवश्य थांबून विचार करावा.

आणि त्याने त्या मार्चमध्ये विकलेच नाही तर? माझ्या मते हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, कारण न झालेल्या व्यवहाराची नोंद कोणत्याही यादीत येत नाही. अमेरिकेत २०२३ पासून कंपनीला आपल्या तिमाही अहवालात कोणत्या संचालकाने किंवा अधिकाऱ्याने विक्रीची योजना आखली आणि कोणी ती रद्द केली, हे लिहावे लागते. रद्द केलेल्या योजनेचा तो एक परिच्छेद बहुतेक वाचक ओलांडून पुढे जातात. नेहमी विकणाऱ्याने विकणे थांबवणे हे खरेदीइतके ठाम नसते, हे खरे. तरी ते त्याने जाणूनबुजून केलेले असते.

उशिराविषयी: श्री. उलटतपासणी यांनी उल्लेखिलेल्या २००३ च्या अभ्यासातच याचे उत्तर आहे. खरेदीवर मिळालेल्या जादा परताव्यापैकी सुमारे एक चतुर्थांश पहिल्या पाच दिवसांत आणि सुमारे निम्मा पहिल्या महिन्यात मिळाला होता. तेव्हा नोंदी महिनाभराच्या मुदतीत येत असत, आता त्या दोन दिवसांत येतात आणि त्या वाचणारी यंत्रेही आली आहेत, म्हणून हे प्रमाण आजही तंतोतंत तसेच असेल असे मी म्हणणार नाही. परंतु आतला माणूस सहा महिन्यांच्या आत नफा घेऊन बाहेर पडू शकत नाही हे जाणून खरेदी करतो, त्यामुळे त्याच्या अंदाजाची मुदतही बहुधा काही महिन्यांची असते. नोंद आल्याच्या दुसऱ्या मिनिटाला खरेदी करण्याची धडपड मी करीत नाही. तो आठवडा कंपनीचे मागील अहवाल वाचण्यात घालवतो, आणि त्या व्यक्तीला कोणती गोष्ट स्वस्त वाटली असावी याचे उत्तर मला अहवालांत सापडले नाही, तर ती नोंद सोडून देतो.

दीर्घपल्ला:

चर्चा वाचून दोन लहान गोष्टी जोडाव्याशा वाटल्या. युरोपीय कंपन्यांत ३ जुलै २०१६ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वरिष्ठ व्यक्ती आणि त्यांचे निकटचे संबंधित यांना तीन कामकाजी दिवसांत व्यवहार कळवावा लागतो, आणि वार्षिक व सहामाही निकालांपूर्वी ३० दिवस वरिष्ठ व्यक्तींना व्यवहार करता येत नाहीत. म्हणजे श्री. नियमवाचक यांनी सांगितलेला एकत्र दिसण्याचा भास तेथेही होतोच.

दुसरी गोष्ट कोणाची नोंद पाहावी याविषयी आहे. वाचकांचे लक्ष साहजिकच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यावर असते, आणि म्हणूनच त्याच्या व्यवहारात दिखाव्याचा अंश असण्याची शक्यता सर्वाधिक असते. वर उल्लेख आलेल्या २०१२ च्या अभ्यासात सर्वांत माहितीपूर्ण ठरलेले व्यवहार कार्यकारी पदावर नसलेल्या आणि कंपनीच्याच परिसरात राहणाऱ्या व्यक्तींचे होते, आणि तेही प्रामुख्याने ज्या कंपन्यांचे प्रशासन दुबळे आहे अशा ठिकाणी. हा शेवटचा भाग वाचून मला थोडे अस्वस्थ वाटले, कारण जेथे नोंद सर्वांत उपयोगी ठरते, तेथेच दीर्घकाळ पैसे ठेवण्याची माझी इच्छा सर्वांत कमी असते. म्हणून मी स्वतः या नोंदी नवे शेअर शोधण्यासाठी वापरीत नाही. जे शेअर आधीच माझ्याकडे आहेत किंवा ज्यांचा अभ्यास झालेला आहे, त्यांच्यापुरत्याच वाचतो. अशा कंपनीत लेखापरीक्षण समितीवरील एखादा संचालक दीर्घ काळ स्वस्थ राहून अचानक मोठी खरेदी किंवा विक्री करतो, तेव्हा मागील अहवालांपैकी कोणते पान पुन्हा उघडायचे हे मला ठाऊक असते. अनोळखी कंपनीत ते ठाऊक नसते.